हातभर तारेची जकात

पृथ्वीपासून सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर फिरणारा उपग्रह माणसाचा आवाज क्षणार्धात दुसऱ्या खंडात पोचवतो. परंतु त्याच माणसाच्या हातातला उपग्रह-फोन आणि त्याच्या पुढ्यातला संगणक यांच्यामधले हातभर अंतर पार करावयाचे झाले, की विशिष्ट तोंडाची, विशिष्ट कंपनीच्या आज्ञावलीवाचून न चालणारी तार जवळ असावी लागते. ती नसली तर हत्ती गेला आणि शेपूट अडले, अशी गत होते. या शेपटाचा विचार राजकीय कार्यकर्त्यांनी कशासाठी करावयाचा, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की साधनांच्या मालकीचा प्रश्न गिरणीच्या दाराशी किंवा बँकेच्या तिजोरीपाशी संपत नाही. दोन साधने जेथे एकमेकांना जोडली जातात त्या सांध्यावर कोणाचा ताबा आहे, हाही मालकीचाच प्रश्न आहे. आणि या सांध्यावरची जकात नेमकी अडचणीतल्या माणसाकडून वसूल होत असते.

उपग्रह-फोन म्हटला की डोळ्यांपुढे सेनाधिकारी किंवा हौशी गिर्यारोहक उभे राहतात. वस्तुतः त्याची खरी गरज पडते ती वादळात मनोरे कोसळल्यावर, पुरात वीज गेल्यावर, आणि किनारा दिसेनासा झालेल्या बोटीवर. अशा वेळी आवाजाने 'आम्ही जिवंत आहोत' एवढे सांगता येते. परंतु बेपत्ता माणसांची यादी, औषधांची मागणी, हवामानाचा नकाशा या गोष्टी खरखरत्या आवाजात सांगू गेल्यास चुका होतात, आणि मदतकार्यात नावाची एक चूक म्हणजे एका घराची वाताहत असू शकते. त्यासाठी लिखित मजकूर जावा लागतो. हा मजकूर पाठवताना फोन मॉडेमचे काम करतो: संगणक त्याला 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा देतो, फोन उपग्रहाला साद घालतो, आणि अक्षरे एकामागून एक वर चढू लागतात. या आज्ञा हेज नावाच्या कंपनीने १९८१ साली आपल्या मॉडेमसाठी रचल्या. पुढे सर्वांनीच त्या उचलल्या आणि त्या कोणा एकाच्या राहिल्या नाहीत. या विषयातली सुखद म्हणावी अशी गोष्ट ही एवढीच.

इरिडियमच्या हातफोनवरून मजकूर जाण्याचा मूळ वेग सेकंदाला २,४०० बिट, म्हणजे ३०० बाइट. एक मेगाबाइटचे छायाचित्र या वेगाने पाठवावयास जवळजवळ तास लागेल, आणि मीटर मिनिटागणिक पडत राहील. म्हणून जाणते लोक केवळ अक्षरे पाठवतात. येथे मराठी वाचकाने एक हिशेब ध्यानात घ्यावा. संगणकाच्या प्रचलित युनिकोड पद्धतीत रोमन लिपीतले एक अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेसकट, तीन बाइट लागतात. हजार चिन्हांचे इंग्रजी पत्र सव्वातीन सेकंदांत जाईल, तर तेवढ्याच चिन्हांचे मराठी पत्र दहा सेकंद घेईल. मजकूर दाबून लहान करण्याच्या युक्तीने हे अंतर कमी होते हे खरे. परंतु ती युक्ती ज्या आज्ञावलीत आहे ती पुन्हा कोणाची तरी मालमत्ता असते. आपत्तीत सापडलेल्या मराठी माणसाने आपल्याच भाषेत टाहो फोडला तर त्याला तिप्पट भाडे पडावे, हे कोणी दुष्टाव्याने योजलेले नाही. परंतु ज्यांच्या भाषेत यंत्रे घडतात त्यांना अशा गोष्टी खुपत नाहीत, एवढे मात्र त्यातून दिसते.

आता तारेकडे वळावे. संगणक आणि मॉडेम यांच्या जोडणीचा आरएस-२३२ हा प्रमाण नमुना १९६० साली अमेरिकेत ठरला. पंचवीस पिनांचे, आणि नंतर नऊ पिनांचे ते तोंड पुढली चाळीस वर्षे जवळजवळ प्रत्येक संगणकाच्या पाठीला असे. ते ओबडधोबड होते, तरी त्याच्या प्रत्येक पिनेचे काम छापील होते. झारणी हाती धरता येणारा कोणताही कारागीर ती तार घरी बनवू शकत असे. फसगत तेव्हाही होत होतीच: सरळ तार आणि उलट तार दिसावयास सारखी, फक्त आतल्या दुसऱ्या व तिसऱ्या पिनेची अदलाबदल, चुकीची लावली की दोन्ही यंत्रे एकमेकांकडे बहिऱ्यासारखी पाहत बसत. तथापि चूक शोधून काढणे माणसाच्या हाती होते. १९९६ साली यूएसबी आली आणि पुढल्या दहाएक वर्षांत मांडीवरच्या संगणकांवरून नऊ पिनांचे तोंड नाहीसे झाले. उपग्रह-फोन मात्र मागे राहिले. इरिडियमच्या ९५०५-ए या फोनच्या तळाला बसणाऱ्या अडॅप्टरला नऊ पिनांचे तोंड होते. ते नव्या संगणकाला जोडण्यासाठी मध्ये आणखी एक रूपांतरक तार घालावी लागे. २००८ सालच्या ९५५५ या फोनला मिनी-यूएसबीचे तोंड आले. २०११ साली आलेल्या ९५७५ या फोनला यूएसबीची तार पुन्हा थेट लागत नाही. मध्ये खास त्याच फोनसाठी घडवलेला तुकडा बसवावा लागतो. इन्मारसॅटच्या २०१० सालच्या आयसॅटफोन प्रोला मायक्रो-यूएसबी, आणि थुरायाला त्याची स्वतःची वेगळी तार. ज्या मदतपथकाकडे तीन फोन आहेत त्याने तारांची पिशवी फोनांपेक्षा जड बाळगावयाची! त्यातही बाजारातल्या पुष्कळ स्वस्त तारांत केवळ वीज वाहणाऱ्या दोनच वाहिन्या असतात, मजकुराच्या नसतातच. तार बसते, फोन चार्ज होऊ लागतो, आणि संगणकाला मात्र फोनचा पत्ता लागत नाही.

ज्या पिढीने मिरज जंक्शन त्याच्या जुन्या रूपात पाहिले आहे तिला हा प्रकार नवा वाटू नये. एके काळी तेथे रुंद, मीटर आणि अरुंद असे तिन्ही रुंदीचे रूळ एकत्र येत, आणि एका गाडीतले पोते दुसऱ्या गाडीत जावयाचे तर हमालाच्या पाठीवरूनच जाई. रुळांची ती तऱ्हा निरनिराळ्या कंपन्यांनी व संस्थानांनी आपापल्या हिशेबाने मार्ग टाकल्यामुळे झाली होती. तिची किंमत मात्र माल पिकवणाऱ्याने, खाणाऱ्याने आणि वाहणाऱ्या हमालाने मोजली. रूळ एकसारखे करावयास देशाला सार्वजनिक खजिन्यातून प्रचंड खर्च करावा लागला. खाजगी अव्यवस्था निस्तरण्याचे काम शेवटी सरकारच्या गळ्यात पडते, हा नियमच दिसतो.

परंतु तारेच्या बाबतीत याहून गंभीर गोष्ट तोंडाच्या आकारात नसून तारेच्या पोटात आहे. यूएसबीचे नऊ पिनांत रूपांतर करणाऱ्या तारेच्या आत एक लहानशी चिप असते, आणि तिच्याशी बोलण्यासाठी संगणकात 'ड्रायव्हर' नावाची आज्ञावली लागते. ही चिप बनवणाऱ्या स्कॉटलंडच्या एफटीडीआय कंपनीच्या मालाच्या नकला बाजारात फार झाल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये या कंपनीचा नवा ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज अद्ययावत करण्याच्या नेहमीच्या मार्गाने जगभरच्या संगणकांवर उतरला. नक्कल चिप आढळली की तिची ओळखसंख्या पुसून तेथे शून्य लिहावयाचे, अशी त्याची योजना होती. काल चालणारी तार आज मुकी झाली. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला. मात्र २०१६ साली त्याच कंपनीच्या दुसऱ्या आवृत्तीने नक्कल चिपमधून खऱ्या मजकुराऐवजी 'हे यंत्र अस्सल नाही' अशा अर्थाचे शब्द ओतावयास सुरुवात केली. अशा चिपा बनवणाऱ्या तैवानच्या प्रोलिफिक कंपनीने दुसरा मार्ग धरला. तिच्या स्वतःच्याच जुन्या, अस्सल चिपा नव्या ड्रायव्हरमधून वगळल्या गेल्या. संगणक सांगतो की ही चिप २०१२ पासून बंद झाली आहे, पुरवठादाराला भेटा.

नकला करणाऱ्याची तरफदारी येथे करावयाची नाही. दुसऱ्याच्या नावावर माल विकणे हा ग्राहकाशी द्रोहच आहे. परंतु शिक्षा कोणाला झाली हे पाहावे. नक्कल करणारा कारखानदार पैसे घेऊन केव्हाच मोकळा झाला होता. मध्यस्थ व्यापारीही मोकळा झाला होता. ज्याने बाजारात मिळेल ती तार विश्वासाने विकत घेतली, त्या शेवटच्या माणसाची तार निकामी झाली. कोणत्याही न्यायालयापुढे न जाता, कोणतीही नोटीस न देता, विकल्या गेलेल्या वस्तूचा प्राण दुरून काढून घेण्याचा हा अधिकार एका कंपनीला कोठून मिळाला? जमीनदार निदान कुळाला नोटीस तरी देत असे. गंमत अशी की लिनक्स या सामाईक श्रमाने उभ्या राहिलेल्या प्रणालीत याच जुन्या चिपांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आले आहेत. कारण तेथे ते चालू ठेवणाऱ्यांना नवी चिप विकावयाची नाही.

तारेवरच्या या ताब्यामागे आकाशातल्या मालकीची एक कथा आहे, आणि ती महाराष्ट्राच्या अंगणातून जाते. समुद्रावरील माणसांच्या सुरक्षिततेसाठी इन्मारसॅट ही संघटना १९७९ साली स्थापन झाली, ती सरकारांची आंतरराष्ट्रीय संस्था म्हणून. भारत तिचा सदस्य होता. आपल्याकडे जुन्नर तालुक्यातील आर्वी येथे डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव दिलेले उपग्रह भूकेंद्र १९७२ साली राष्ट्राला अर्पण झाले होते, आणि परदेश-संचाराचा सारा व्यवहार सरकारी विदेश संचार निगमच्या हाती होता. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना सार्वजनिक संस्था होत्या. १९९९ साली इन्मारसॅटचे खाजगी कंपनीत रूपांतर झाले. २००३ मध्ये ती गुंतवणूक-भांडवलदारांच्या हाती गेली, पुढे शेअरबाजारात आली, पुन्हा खाजगी हाती गेली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्हायासॅट कंपनीने तिला गिळले. सरकारांच्या हाती उरली ती एक लहानशी देखरेख-संस्था. इकडे विदेश संचार निगमचा पंचवीस टक्के हिस्सा व कारभार २००२ साली टाटांकडे गेला. मे २०१७ मध्ये भारत संचार निगमने इन्मारसॅटच्या उपग्रहांवरून फोनसेवा सुरू केली तेव्हा सरकारी पाटी पुन्हा लागली खरी, पण त्या पाटीमागचे उपग्रह, फोन आणि तार यांपैकी काहीच सार्वजनिक मालकीचे नव्हते.

इरिडियमची हकीकत तर याहून बोलकी आहे. मूळ बेत सत्त्याहत्तर उपग्रहांचा, म्हणून सत्त्याहत्तर अणुक्रमांकाच्या धातूचे नाव घेतले. प्रत्यक्षात सहासष्ट उपग्रह फिरते ठेवले. मोटोरोलाच्या पुढाकाराने सुमारे पाच अब्ज डॉलर ओतून नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू झाली, आणि ऑगस्ट १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढल्याच वर्षी हा सारा पसारा अवघ्या अडीच कोटी डॉलरना विकला गेला, आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सात कोटी वीस लाख डॉलरचे कंत्राट देऊन तो जगवला. नफ्याची आशा होती तोवर खाजगी उद्यमशीलतेचे गोडवे, आणि तोटा झाला की सरकारी तिजोरी! या साहसात भारतातल्या सार्वजनिक वित्तसंस्थांचाही पैसा गुंतला होता. त्या गुंतवणुकीच्या वेळी दिशाभूल झाली असा आरोप करून इरिडियम इंडिया कंपनीने मोटोरोलाविरुद्ध पुण्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे फसवणुकीची फिर्याद गुदरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली ती कारवाई रद्द केली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. आरोप खरा की खोटा हे त्या निकालाने ठरले नाही. परंतु कंपनीला मन नसते, म्हणून तिच्यावर गुन्हेगारी हेतूचा खटला चालूच शकत नाही, हा बचाव मात्र त्याने मोडून काढला. इतके होऊनही भारतात परवान्याशिवाय इरिडियमचा किंवा थुरायाचा फोन बाळगणे हा गुन्हाच आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर तर याबाबतची सावधगिरी वाढली. सुरक्षिततेचे कारण खोटे नाही; तरीही सामान्य खलाशाला या बाजारात निवडीचे स्वातंत्र्य आहे असे म्हणणे व्यर्थ आहे. ज्याला एकाच दुकानातून घ्यावयाचे आहे, त्याच्या तारेचे तोंड तरी सरकारने ठरवून द्यावयास नको काय?

यावर नेहमीचा आक्षेप असा येतो, की सरकारने आकार ठरवला की संशोधन गोठते, कंपन्यांना आपसांत ठरवू द्यावे. आपसांत ठरवण्याचा प्रयोग युरोपात झालेला आहे. २००९ साली प्रमुख मोबाइल कंपन्यांनी मायक्रो-यूएसबी हे समान तोंड मान्य केल्याच्या स्वेच्छा-करारावर सह्या केल्या. पण त्यात पळवाट ठेवली, की अडॅप्टर उपलब्ध असला म्हणजे करार पाळल्यासारखे होईल. अ‍ॅपलने २०१२ साली आपले निराळे 'लायटनिंग' तोंड आणले आणि अडॅप्टर विकावयास काढला. ज्या वस्तूमुळे ग्राहकाची अडचण दूर व्हावयाची तीच विक्रीची नवी बाब झाली. अखेर युरोपीय संघाने २०२२ साली कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून फोन, टॅब्लेट, कॅमेरे इत्यादींना यूएसबी-सी हे एकच तोंड सक्तीचे झाले. टाकून दिलेल्या व न वापरलेल्या चार्जरांचा तिकडचा कचरा वर्षाला ११,००० टन आणि ग्राहकांची संभाव्य बचत वर्षाला २५ कोटी युरो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज होता. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२३ मध्ये, कायद्याची मुदत येण्याआधीच, आपल्या नव्या फोनचे तोंड बदलले. त्यामुळे तिचे संशोधन गोठल्याचे कोणाच्या पाहण्यात नाही.

तरीसुद्धा या कायद्याला सर्वरोगहर मात्रा समजू नये. त्याचा भर चार्जिंगवर आहे. यूएसबी-सीच्या दोन तारा बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, परंतु एक सेकंदाला ४८० मेगाबिट नेते तर दुसरी ४० गिगाबिट. तोंड एक, पोट वेगळे. भारतीय मानक ब्यूरोनेही यूएसबी-सीचे प्रमाण स्वीकारून प्रसिद्ध केले आहे, ते योग्यच झाले. परंतु तोंड समान झाले आणि आज्ञांची भाषा गुप्त राहिली, ड्रायव्हर कंपनीच्या मर्जीवर राहिला, तर जकातनाका नुसता चार पावले आत सरकेल.

हा सारा खटाटोप आजच करण्याचे कारण पालघरमध्ये आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांनी तेथे मासेमारी नौकांसाठीच्या संपर्कयोजनेचा आरंभ केला: सुमारे ३६४ कोटी रुपये खर्चून किनारी राज्यांतल्या एक लाख नौकांवर उपग्रह-ट्रान्सपॉन्डर विनामूल्य बसवावयाचे. हे यंत्र तांडेलाच्या साध्या मोबाइलशी ब्लूटूथने, म्हणजे तारेवाचून, जोडले जाते, आणि इस्रोच्या 'नभमित्र' या अ‍ॅपवरून संदेश दोन्ही बाजूंनी जाऊ-येऊ शकतात. २०१७ च्या ओखी वादळात खोल समुद्रात असलेल्या मच्छीमारांपर्यंत इशारा पोचला नाही आणि शेकडो घरे उजाडली, हे आठवले म्हणजे या योजनेचे मोल कळते. उपग्रह देशाचा, यंत्राची कल्पना देशाची, आणि जोडणी खुल्या प्रमाणाची. खाजगी कंपन्यांनी जे पाव शतकात केले नाही ते सार्वजनिक संस्थेने करून दाखवले. विरोधी पक्षात असलो म्हणून चांगल्याला चांगले म्हणावयाचे नाही, ही वृत्ती कार्यकर्त्यांनी सोडून द्यावी.

दुसऱ्या बाजूला, नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम यांसारख्या दुर्गम व मागास जिल्ह्यांतल्या सरकारी संस्था उपग्रहाने जोडण्याचा उल्लेख आहे. धडगावच्या आरोग्य केंद्रात इंटरनेट येणार असेल तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र याच कंपनीने २०२१ साली आणलेल्या चौकोनी तबकडीची तार खास तिच्याच तोंडाची होती, आणि राउटरला संगणकाच्या नेहमीच्या तारेचे भोकच ठेवलेले नव्हते. ते हवे असेल तर अडॅप्टर वेगळा विकत घ्यावा लागे. पुढल्या आवृत्तीत नेहमीचे भोक परत आले. ते आले कंपनीच्या इच्छेने, आणि उद्या जाईलही तिच्याच इच्छेने, कारण करारात त्याबद्दल अक्षर नसेल तर विचारणार कोण?

म्हणून मागणी करावयाची ती निविदेच्या व कराराच्या मसुद्याबाबत, आणि ती नेमकी असावी. सरकारी पैशाने घेतलेल्या प्रत्येक उपग्रह-यंत्राचे तोंड मानक ब्यूरोने मान्य केलेले असावे. संगणकाशी बोलण्याच्या त्याच्या आज्ञा मराठी पुस्तिकेत छापून द्याव्यात. ड्रायव्हरचा मूळ मसुदा सरकारजमा असावा, म्हणजे कंपनी बुडाली वा विकली गेली तरी यंत्र मुके होणार नाही. आणि विकलेले यंत्र दुरून निकामी करण्यास स्पष्ट मनाई असावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षांत जे उपग्रह-फोन आहेत त्यांच्या पेटीत संगणकाला जोडण्याची तार आहे काय, ती शेवटची केव्हा लावून पाहिली, हे विचारावयास माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पुरतो. प्रत्येक जिल्ह्यातल्या शाखेने पावसाळ्याआधी तो करावा. मच्छीमार सहकारी संस्थांमधल्या कार्यकर्त्यांचे काम थोडे वेगळे आहे. खाऱ्या हवेत धातू फार काळ टिकत नाही, आणि ट्रान्सपॉन्डरला वीज पुरवणारी तार गंजणारच. ती गंजल्यावर सातपाटीच्या किंवा हर्णैच्या बंदरावर दुसरी मिळेल, की तिच्यासाठी तांडेलाने हंगामाचे चार दिवस घालवून मुंबई गाठावयाची, याचे उत्तर संस्थांनी मत्स्यव्यवसाय खात्याकडून लेखी मागून घ्यावे.